आजीचं ‘मंग?’

आमच्या घरी हिशेबाची एक लांबट वही आहे. लाल पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली. निंदणाच्या बायांचा रोज, फवारणीचं औषध, बैलबंडीच्या चाकाला नवी धाव बसवली त्याचे पैसे, सगळं तिच्यात. दोन उन्हाळ्यांपूर्वी दुधाचा हिशेब पाहायला मी ती उघडली, तर ह्यांच्या अक्षरातल्या ओळींखाली कोणीतरी पेन्सिलीने भर घातली होती :

‘चिमन्या ४. पानी पेल्या. पैशे नाई देल्ले.’

अक्षर धाकट्याचं. तेव्हा तो नुकता पहिली संपवून बसला होता. शाळेच्या वहीत त्याच्याकडून एक ओळ लिहून घ्यायची म्हणजे गोऱ्ह्याच्या मानेवर पहिल्यांदा जू ठेवण्याइतका खटाटोप. आणि इथे कोणी न सांगता तीन वाक्यं! बाप संध्याकाळी वहीत लिहितो, म्हणजे लिहिण्यासारखी गोष्ट हीच, असं त्यानं ठरवलेलं दिसत होतं. अंगणातल्या खापरातलं पाणी चिमण्या पिऊन गेल्या आणि मोबदला काही दिला नाही, तर नोंद नको का?

मी हसले. आणि हसता हसता खोडरबर शोधायला लागले. डी.एड. झालेली बाई आहे मी. नोकरी लागली नाही, पण लाल पेन काही हातातून सुटला नाही. चिमन्या नव्हे चिमण्या, पानी नव्हे पाणी, देल्ले नव्हे दिले. ओसरीवर सासूबाई तुरीची डाळ निवडत होत्या. कायले हासतं म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी वाचून दाखवलं. त्यांचा सुपातला हात थांबला.

‘‘मंग?’’ त्या नातवाला म्हणाल्या, ‘‘कावळ्यानं देल्ले का पैसे?’’

‘‘कावया उधार पेला,’’ तो आतून ओरडला आणि पेन्सिल घेऊन धावत आला. पुढची ओळ पडली : ‘कावया १. उधार.’

खोडरबर मी परत डब्यात ठेवलं. तेव्हा त्यात काही विचार नव्हता. दोघांच्या मधात जायला लाज वाटली, एवढंच.

वऱ्हाडी बोलताना ‘ळ’चा ‘य’ होतो हे इथल्या कोणालाही सांगावं लागत नाही. शाळा ती शाया, पोळा तो पोया, आभाळ ते आभाय. मी चौथीत असताना ‘माझी शाळा’ हा निबंध लिहिला होता. शाळेमागच्या बाभळीवर सुगरणीचे खोपे होते आणि आम्ही पोरी दुपारच्या सुटीत ते मोजायचो, असं काहीतरी त्यात होतं. आणि घरी म्हणतो तसं ‘शाया’ पडलं होतं, दोनदा की तीनदा. गुरुजींनी तो निबंध वर्गापुढे वाचला. खोप्यांपर्यंत ते पोचलेच नाहीत. ‘शाया’ला वर्ग हसला आणि वही माझ्याकडे परत आली. त्यानंतर शुद्धलेखनात माझे मार्क कधी गेले नाहीत. सुगरणही पुन्हा कुठल्या निबंधात आली नाही.

पोरांना लिहायला लावायचं असं काही मी ठरवून सुरू केलं नाही. घडलं ते सासूबाईंमुळे. त्यांना वाचता येत नाही. त्यामुळे घरात जे लिहिलं जाईल ते मोठ्यानं वाचावं लागतं, आणि ऐकताना त्यांचे हात चालू असतात; शेंगा सोलणं, वाती वळणं, काहीही. मोठी तेव्हा चौथीत गेली होती. जुलैमध्ये तिनं ‘पावसाळा’ लिहून आणला. मी घरची तपासनीस म्हणून आधी मी पाहिला. पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे, सृष्टी हिरवा शालू नेसते, मोर पिसारा फुलवून नाचतो, बळीराजा आनंदी होतो. एकही चूक नाही. गाइडातून उतरवल्यावर चूक कुठून होणार? रात्री तिनं तो आजीला वाचून दाखवला. मोर नाचायच्या आतच आजीची मान कलली होती.

पोरगी हिरमुसली. मी तिला नुसतं विचारलं, ‘‘आपल्या घरी पाऊस आला का काय काय होते, ते सांग बरं आजीले.’’ तिनं जरा वेळ घेतला आणि वहीच्या मागच्या पानावर लिहिलं :

‘पाऊस आला का बाबा मोबाईल पायते. पाऊस नाई आला तरी बाबा मोबाईल पायते. आबाजी आभाय पायते. आई वायत घातलेल्या गोवऱ्या पायते. पावसाकडे कोनीच पायत नाई.’

सासूबाई उठून बसल्या. ‘‘मंग?’’

हा ‘मंग’ फार कामाचा शब्द आहे. शाबासकी नाही त्यात आणि चूकही काढलेली नाही. ऐकणाऱ्याला पुढचं हवं आहे, एवढंच तो सांगतो. मी इतकी वर्षं बालमानसशास्त्राची पुस्तकं वाचली, प्रेरणेचे प्रकार पाठ केले, पण वहीवर ‘छान’ किंवा ‘सुधारणा हवी’ यापलीकडे मला काही लिहिता आलं नव्हतं.

मोर्शी तालुक्यातलं ऋद्धिपूर आमच्या गावापासून फार लांब नाही. सासूबाईंचं माहेर महानुभाव पंथातलं, त्यामुळे वर्षातून एकदा तिकडे जाणं होतंच. साडेसातशे वर्षांपूर्वी पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांची माणसं इथे त्यांच्या गुरूंच्या, गोविंदप्रभूंच्या, आसऱ्याला जमली होती. त्यांतल्या म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. स्वामी कुठे उतरले, काय जेवले, कोणाला काय म्हणाले. ज्यानं पाहिलं-ऐकलं त्याला गाठायचं, विचारायचं आणि लिहून घ्यायचं. शके १२०० च्या आसपास, म्हणजे साधारण १२७८ साली असं ‘लीळाचरित्र’ तयार झालं, मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ. डी.एड.च्या आधी, बारावीत, हे माझ्यासाठी एका मार्काचं उत्तर होतं : ग्रंथ कोणता, कर्ता कोण, शके किती. त्या ग्रंथाच्या मुळाशी कोणीतरी कोणाला ‘मग काय झालं?’ विचारत बसलंय, हे मला आमच्या ओसरीवर बसून समजलं.

याच मंडळींतल्या केशिराजांना संस्कृतात लिहावंसं वाटलं, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं होतं. असं केलंस तर संस्कृत न कळणाऱ्या माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, त्यांच्या हाती काहीच लागणार नाही, असं ते म्हणाले. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘खरं हाय. पोरीच्या त्या मोराच्या निबंदात मी पुरी नागवली.’’

नंतर पोळा आला. २०२४ चा. त्या वर्षी सोयाबीनला ४८९२ रुपये हमीभाव जाहीर झाला होता, आणि बाजार त्याच्या बराच खाली. आमच्या मधल्या खोलीत मागच्या हंगामाची पोती भाव चढायची वाट पाहत थपीला लागलेली; पोरं त्यांच्यावर चढून अभ्यास करायची. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हणतात, हे बाहेरच्यांना कदाचित माहीत नसेल. एक जण चार ओळी फेकतो, दुसरा त्याच्यावर चढ करतो. सावकार, सरकार, सरपंच, बायको, कोणाला सोडत नाहीत, आणि शेवटी सगळे मिळून महादेवाच्या नावाचा पुकारा करतात. तोरण तुटलं की पोळा फुटला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. त्या दिवशी लहान पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून आणतात आणि घरोघर बोजारा, म्हणजे बैलाच्या नावानं खाऊ-पैसे, मागतात.

धाकट्याचा बैल मामंजींनी रंगवून दिला होता. बोजारा मागायला निघताना मोठी म्हणाली, झडती मी म्हणणार. पोरींनी झडती म्हटल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. ती आमच्याच दारात उभी राहिली, बाप खाटेवर बसलेला, आणि तिनं सुरू केलं :

बंडीचं चाक, चाकाले धाव,
बाबा रोज पायते सोयाबीनचा भाव,
भाव काई चढे ना, बाबा काई बोले ना,
मोबाईलची बॅटरी मातर एक दिवस टिके ना,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

शेजारपाजारचे हसले. मामंजी तर उपरणं तोंडाला लावून हसले. हे हसले की नाही ते मला नीट दिसलं नाही. कारण ते खाटेवरून उठून आत गेले. दोन मिनिटांनी बाहेर आले आणि तिच्या हातावर पन्नासाची नोट ठेवली. इतरांकडे पोरांना दहा मिळाले. रात्री मला म्हणाले, ‘‘हे कोनं शिकवलं तिले?’’ कोणी नाही, असं मी सांगितलं. ‘‘याचे मार्क भेटतेत का?’’ नाही भेटत. ‘‘मंग?’’ पण त्यांचा ‘मंग’ वेगळा होता, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपल्याकडे कविता कशी करावी हे वेगळं शिकवायची गरजच कधी पडली नसावी, असं मला त्या दिवशी वाटलं. मराठीतली पहिली कवयित्री म्हणतात त्या महदाइसेनं धवळे रचले ते गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या खेळात, ऋद्धिपुरात. लग्न आहे तर लग्नाची गाणी हवीत, म्हणून झाली. पोळा आहे तर झडती. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते, तेव्हा पोरी घरोघर गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यात काय खाऊ आहे ते ओळखायला लागतात. आमच्या अंगणात मी त्या वर्षी थोडा बदल केला. डबा हलवून दाखवायच्या ऐवजी चिठ्ठी वाचायची. खाऊचं नाव न घेता तीन ओळी. पोरी म्हणाल्या, आधी धाकट्याची वाचा. ‘वेटोयं घालून साप बसला हाय. चावत नाई. आपनच त्याले चावतो.’ चकली कोणीही ओळखली असती, पण दुसऱ्या दिवशी पाच पोरींनी आपापल्या घरून चिठ्ठ्या लिहून आणल्या. एकीनं फुटाण्यांबद्दल एवढं लांबवर लिहिलं की वाचून होईपर्यंत फुटाणे संपले होते.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की आमच्या घरात सरस्वती नांदते. तसं नाही. दोन वेळा मी स्वतःच यात माती कालवली.

पहिली वेळ त्याच दिवाळीची. आमचं दोघांचं भांडण झालं होतं, कशावरून ते जाऊ द्या. चार दिवस घरात बोलणं नव्हतं. पोरीनं वहीत लिहिलं : ‘आई अन् बाबा बोलत नाई. आज भाजीत मीठ जास्त झालं होतं. बाबानं काई न म्हनता खाल्ली. मंग मले कयलं का भांडन मोठं हाय.’ मी ते वाचलं आणि अवाक झाले. अभिमान म्हणा, मूर्खपणा म्हणा, पानाचा फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला. अंगठे आले, हसरे चेहरे आले. भाऊबीजेला गेलो तर माझ्या बहिणीनं सगळ्यांसमोर तिला विचारलं, ‘‘काय वं, आता तरी मीठ बरोबर पडते का?’’

पोरगी जेवणावरून उठली. घरी आल्यावर तिनं ते पान फाडून चुलीत टाकलं आणि मला म्हणाली, ‘‘मी तुले सांगतलं होतं. तू गावाले सांगतलं.’’ पुढचे तीन आठवडे वहीत काही नाही. धाकट्यानंही लिहिणं सोडलं. ताई नाही तर मी नाही. मी माफी मागितली, पण लेकराची माफी मागितली म्हणून ती लगेच मिळत नाही. शेवटी तिनंच एक रीत काढली. जे पान दुमडलेलं असेल ते वाचायचं नाही, कोणीच. दुमडलेली पानं आता वहीत पुष्कळ आहेत. त्यांत काय आहे ते मला माहीत नाही, आणि हात शिवशिवतो हे कबूल करते.

दुसरी वेळ गेल्या उन्हाळ्यातली. आमच्याकडे उन्हापायी शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा आठवडाभर तरी उशिरा उघडतात. पारा पंचेचाळीसला टेकलेला, कूलरपुढून कोणी हलत नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक मोबाईलवर फुकट वाचायला मिळतात. दुपारी पोरं ते वाचायची. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला शहाणपण सुचलं. भिंतीवर वेळापत्रक लावलं : चार ते पाच, सर्जनशील लेखन, रोज एक पान. पाच दिवसांत मोठीच्या लेखनात हिरवा शालू परत आला. धाकटा तर पान भरायला ‘मी लिहून राह्यलो, मी लिहून राह्यलो’ असं अकरा ओळी लिहून मोकळा झाला. (खरं सांगायचं तर ते खोटं नव्हतं.)

मी वेळापत्रक काढायला लागले तर ह्यांनी हटकलं. ‘‘राहू दे. संत्र्याले ताण देल्याशिवाय बहार फुटते का?’’ मृग बहार घ्यायचा तर मे महिन्यात बागेचं पाणी तोडतात, झाड सुकवतात. मग पावसावर ते फुलतं. दाखला बिनतोड होता. मी गप्प. पण मामंजी ओसरीवरून बोलले, ‘‘ताण मोठ्या झाडाले देतेत. कलमाले ताण देल्ला त त्याचं सरपन होते.’’

‘‘पोरगी दहाची झाली,’’ हे म्हणाले.

वाद तिथेच आहे अजून. वेळापत्रक मात्र मी काढलं.

शुद्धलेखन नकोच, असं माझं म्हणणं नाही. उद्या तिला परीक्षेत लिहायचं आहे, अर्ज करायचे आहेत, आणि ‘शाया’ लिहिलं म्हणून तिला कोणी हसावं हे मला चालणार नाही. पण पेरल्या पेरल्या कोणी तण काढायचा डवरा घालत नाही. आधी कोंब वर येऊ देतात. आता ती स्वतःच विचारते, ‘‘आई, हे घरचं लिहू का शायेचं?’’ तिच्याकडे एकाच गोष्टीचे दोन कागद असतात. शाळेच्या कागदावर ‘आबाजी आभाळाकडे पाहतात’ आणि घरच्यावर ‘आबाजी आभाय पायते.’ दोन्हींत आबाजी तेच आहेत, एवढं मी तपासते. शाळेच्या कागदाला मात्र दहापैकी सहाच मिळतात, सुविचार नसतो म्हणून.

डी.एड.ला असताना आमची सहल सेवाग्रामला गेली होती. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, त्यात गांधीजींनी नई तालीम मांडली : सात वर्षांचं मोफत शिक्षण, मातृभाषेतून, हाताच्या एखाद्या उद्योगाभोवती. झाकीर हुसेन यांच्या समितीनं त्याचा अभ्यासक्रम केला. मी परीक्षेत हे पाच मुद्द्यांत लिहिलं, चांगले मार्क घेतले आणि विसरून गेले. परवाच्या नोव्हेंबरात वेचणीला बाया कमी पडल्या, म्हणून रविवारी पोरीला वावरात नेलं. तासाभरात तिची बोटं सोललेली. पऱ्हाटीच्या बोंडाची टोकं वाळली की सुईसारखी होतात. संध्याकाळी काट्यावर तिचा कापूस साडेतीन किलो भरला. किलोमागच्या दरानं तिनं आपली मजुरी काढली, धुऱ्यावर बसलेल्या काकूंच्या मजुरीशी ताडून पाहिली आणि गप्प झाली. रात्री वहीत : ‘कापूस मऊ दिसते पन त्याच्या घरात काटे हाय. काकू म्हने सवय होते. मी इचारलं बोटाले का मनाले. काकू हासली.’ मी काही शिकवलं नव्हतं. मला तर त्या दिवशी माझ्या पाच मुद्द्यांची लाज वाटत होती.

आता तूर निघायचे दिवस. ओल्या शेंगा मीठ घालून उकडायच्या आणि ओसरीवर सगळ्यांनी सोलत बसायचं. परवा पोरीनं वही काढली आणि आजीला म्हणाली, ‘‘तुही गोष्ट सांग. मी लिहितो.’’

‘‘माही कायची गोष्ट?’’

‘‘तू शायेत गेलती का?’’

सासूबाईंनी शेंगा सोलणं थांबवलं नाही. गेलती, म्हणाल्या. दोन महिने. पाटी होती. लाकडाच्या चौकटीची, मोठ्या भावाची जुनी, एका कोपऱ्याला फुटलेली. ‘अ’ यायचा, ‘ब’ यायचा. पोरीची पेन्सिल चालू होती; आजीच्या तोंडून निघेल तसंच उतरवत होती, काही सुधारत नव्हती. मग मायला बाळ झालं, आजी सांगत होत्या, अन् माय तर रोजानं जाणारी. बाळाला कोण सांभाळणार? पाटी आढ्याला खोचून ठेवली, पुढच्या साली जाशील म्हणून.

‘‘मंग?’’ पोरगी म्हणाली.

सासूबाईंनी मान वर केली. आयुष्यभर त्या हा शब्द दुसऱ्याला म्हणत आल्या. त्यांना कोणी म्हटला असेल असं वाटत नाही. शेंगेतले दाणे त्यांनी ताटात टाकले. टरफल बाजूला ठेवलं. बराच वेळ गेला.

‘‘मंग काई नाई. भाकरी टाकाच्या हाय अजून.’’ आणि त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

पोरीनं तेही लिहून घेतलं. ‘मंग काई नाई. भाकरी टाकाच्या हाय अजून.’ खाली अर्धं पान उरलं होतं. वही तिनं उघडीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी ह्यांना मळणीचे पैसे मांडायचे होते. चहा घेत त्यांनी वही ओढली, ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं. उरलेल्या कोऱ्या जागेवर पेन टेकवला, उचलला, आणि पान उलटून पुढच्या पानावर तारीख टाकली.